घाटे अळी आणि तिला मारणारी बुरशी

रायपूर शहराच्या उत्तरेस बीरगांव आहे. उरला आणि सिलतरा येथील कारखान्यांच्या धुराड्यांनी आता या गावास वेढले असले, तरी बिलासपूरच्या रस्त्याने थोडे पुढे गेले की धानाची खाचरे लागतात. छत्तीसगडला धानाचे कोठार म्हणतात ते उगीच नव्हे. परंतु धानाच्या मागोमाग या जमिनीत दुसरे एक पीक येते आणि त्याचा बोलबाला मात्र फारसा होत नाही. धान कापणीला येण्यापूर्वीच उभ्या पिकातील ओल्या चिखलात शेतकरी लाखोळीचे बी फेकतो; या रीतीस उतेरा म्हणतात. कन्हार नावाच्या काळ्या जमिनीत हरभरा पेरला जातो आणि बांधांवर राहेर, म्हणजे आपली तूर, उभी असते. भंडारा-गोंदियाच्या वाचकास यांत काहीच नवे वाटणार नाही. १९५६ पर्यंत नागपूर आणि रायपूर एकाच प्रांतात होते. पुढे प्रांत वेगळे झाले. बांधावरची तूर आणि उतेऱ्याची लाखोळी मात्र दोन्हीकडे तशीच राहिली, आणि या कडधान्यांवर येणारी कीडही तीच राहिली.

या किडींत अग्रमान घाटे अळीचा आहे. शास्त्रज्ञ तिला हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा म्हणतात. हरभऱ्याचे घाटे, तुरीच्या शेंगा, कापसाची बोंडे, टोमॅटोची फळे, सूर्यफुलाची कणसे असे शंभरावर वनस्पतींचे निरनिराळे भाग ती खाते, आणि तिचा रंगही एक नसतो. हिरवा, तपकिरी, क्वचित गुलाबीसर. पतंगाची मादी कोवळ्या शेंड्यांवर एकेक करून अंडी घालते. तीन-चार दिवसांत बाहेर पडणारी अळी प्रथम पानांचा हिरवा पापुद्रा खरवडते. थोडी मोठी झाली की घाट्याला भोक पाडून तोंड आत खुपसते आणि शरीराचा मागचा भाग बाहेरच ठेवून आतले दाणे फस्त करते. एक अळी आपल्या आयुष्यात तीस ते चाळीस घाटे रिकामे करते, असे कृषितज्ज्ञ सांगतात. एका मीटर ओळीत अशा एक-दोन अळ्या दिसू लागल्या की उपाय योजण्याची वेळ आली असे समजतात; त्यावरून तिची खादाड वृत्ती ध्यानात यावी.

उपाय म्हणून गेल्या पाऊणशे वर्षांत माणसाने मुख्यत: विषारी रसायनांवर भिस्त ठेवली. प्रथम डी. डी. टी. आणि बी. एच. सी. ही भुकटी आली. मग फॉस्फरसयुक्त औषधे. आणि १९८०च्या सुमारास सिंथेटिक पायरेथ्रॉइड नावाची, अत्यल्प मात्रेत कीटकांना लोळवणारी औषधे. शेतकऱ्यांना वाटले, आता अळीची खोड मोडली. परंतु १९८७ साली आंध्र प्रदेशातील कापसाच्या शेतांत ही औषधे पुन:पुन्हा फवारूनही घाटे अळी मरेना. औषध बिघडले नव्हते. अळ्यांची जात बदलली होती. लाखो अळ्यांमध्ये काही थोड्या अशा असतात की ज्यांच्या शरीरास विशिष्ट विषाचे विघटन करणे साधते. प्रत्येक फवारणीत बाकीच्या मरतात, या थोड्या वाचतात, आणि पुढची पिढी त्यांचीच वाढते. जितक्या जोराने फवारावे, तितकी ही निवड कडक होते. पुढे डी. डी. टी. शेतीतून १९८९ साली बाद झाले आणि एंडोसल्फानवर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंदी आली. नवनवी औषधे त्यांची जागा घेत गेली, पण प्रश्नाचे स्वरूप पालटले नाही.

मात्र या अळीला एक जुना शत्रू आहे, आणि तो बाजारातून आणावा लागत नाही. श्रावण-भाद्रपदात झड लागून हवा दमट राहिली, की विदर्भ-मराठवाड्यातील सोयाबीनच्या शेतात कित्येकदा विलक्षण दृश्य दिसते. पाने खाणाऱ्या अळ्या झाडाच्या वरच्या पानांवर चिकटून ताठ झालेल्या असतात. आधी त्यांच्यावर पांढरी बुरशी चढते आणि मग फिकट हिरव्या रंगाची भुकटी. हात लावला तर अळी खडूसारखी मोडते. ही किमया नोमुरिया रिलाई या बुरशीची. हल्ली शास्त्रज्ञ तिची गणना मेटारायझियम या कुळात करतात. हवामान अनुकूल असले तर ती एका शेतातल्या बहुसंख्य अळ्या काही दिवसांत संपवते. प्रतिकूल असले तर ती कुठे लपली आहे याचा मागमूसही लागत नाही.

कीटकांना बुरशीचा रोग होतो हे ज्ञान काही आजचे नव्हे. इटलीतील लोदी या गावचा अगोस्तिनो बास्सी हा गृहस्थ रेशमाच्या किड्यांच्या एका रोगाने भारून गेला होता. किडे मरून चुन्याची पूड फासल्यासारखे पांढरे पडत आणि रेशीम उत्पादक डोक्याला हात लावून बसत. बास्सीने सुमारे पाव शतक प्रयोग केले आणि १८३५ साली सप्रमाण दाखवून दिले की ही पांढरी पूड म्हणजे एक सजीव बुरशी असून ती एका किड्यापासून दुसऱ्यास लागते. पाश्चरने जंतुजन्य रोगांवर काम सुरू करण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट होय. त्याच्या नावावरून या बुरशीस आज बिव्हेरिया बॅसियाना म्हणतात. जो रोग रेशीम उत्पादकास शाप होता तोच शेतकऱ्यास वर ठरू शकेल, ही कल्पना मात्र रशियात प्रत्यक्षात उतरू लागली. पुढे शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळविणारा मेच्निकॉफ १८७९च्या सुमारास ओडेसाजवळच्या गव्हावरील भुंगेऱ्यांचा अभ्यास करीत होता. त्यांच्यावर त्याला हिरवी बुरशी आढळली आणि तिचे बीजाणू मुद्दाम वाढवून शेतात सोडावेत असे त्याने सुचविले. क्रासिल्श्चिक या त्याच्या देशबांधवाने ते करूनही पाहिले. त्याचे लक्ष्य होते साखरबीटावरील सोंडेकिडे.

ही बुरशी अळीला मारते कशी, हे समजल्याखेरीज औषधाशी तिची जोडी जमेल की नाही याचा निर्णय करता येत नाही. बुरशीचा बीजाणू डोळ्यांस दिसत नाही इतका सूक्ष्म असतो. तो वाऱ्याने किंवा फवाऱ्याने अळीच्या कातडीवर पडतो आणि तेथे चिकटतो. ओल मिळाली की त्याला बारीक कोंब फुटतो. या कोंबाचे टोक फुगून कातडीवर घट्ट बसते आणि तेथून प्रथिने, मेद व कायटिन यांना विरघळविणारे पाचक रस सुटतात. कायटिन म्हणजे कीटकाच्या कवचाचा कठीण घटक. कवचाला असे खिंडार पाडून बुरशी एक-दोन दिवसांत आत शिरते. आत अळीच्या रक्तात तिचे बारीक तुकडे झपाट्याने वाढतात, अन्न शोषतात आणि काही जातींत विषेही सोडतात. अळी सुस्त होते, खाणे कमी करते आणि साधारणत: चार ते दहा दिवसांत मरते. नंतर हवेत ओल असली तर बुरशी कातडी फोडून बाहेर येते आणि नवे बीजाणू पसरविते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. जीवाणूंपासून केलेले बी. टी. औषध किंवा घाटे अळीचा विषाणू यांचा परिणाम होण्यासाठी ते अळीच्या पोटात जावे लागतात. बुरशीला ही अट नाही. ती कातडीतून शिरते. म्हणूनच पान न खाता केवळ रस शोषणाऱ्या मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांसारख्या किडींवरही बुरशीचा प्रयोग होऊ शकतो.

परंतु कातडीतून शिरण्याच्या या सामर्थ्यात तिची दुबळी बाजूही दडलेली आहे. बीजाणू रुजेपर्यंतचे पहिले काही तास तो उघड्यावर असतो. कडक उन्हातील अतिनील किरणांनी तो काही तासांतच निकामी होतो. ओल नसली तर रुजत नाही. पंचवीस ते अठ्ठावीस अंश सेल्सिअसच्या आसपास त्याला मानवते; पस्तीस अंशांपलीकडे त्याची वाढ जवळजवळ थांबते. आणि या सर्वांतून निभावले तरी एक घात उरतोच: अळी वाढताना वरचेवर कात टाकते. कोंब आत शिरण्यापूर्वी अळीने कात टाकली, तर तिच्याबरोबर बीजाणूही गळून पडतात आणि अळी मोकळी होते. म्हणून फवारणी सायंकाळी करावी असा आग्रह धरतात. हिवाळ्यातील हरभऱ्यावर रात्रभर दव राहते. ती ओल बीजाणूला फार मोलाची असते. तथापि हरभऱ्याच्या पानांवर दवाबरोबर आंबही असते. पहाटे शेतावर धोतर पसरून जुने लोक जी आंब गोळा करीत आणि पोटदुखीवर वापरीत, तीच ही मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लांची आंब. घाटे अळीचा विषाणू इतर पिकांवर जितका प्रभावी ठरतो तितका हरभऱ्यावर ठरत नाही, हे शास्त्रज्ञांस ठाऊक आहे. तेव्हा एका पिकावर यशस्वी झालेला जैविक उपाय दुसऱ्यावर तसाच चालेल असे गृहीत धरणे धोक्याचे होय. बुरशीच्या बाबतीतही प्रत्येक पिकावर स्वतंत्र कसोटी घ्यावी लागते.

महाराष्ट्रात अशी कसोटी घेण्याचे काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झाले. डॉ. मुकुंद देशपांडे आणि त्यांचे सहकारी यांनी मेटारायझियम, बिव्हेरिया आणि नोमुरिया या तिन्ही बुरशींचे देशी वाण निवडून, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातील तज्ज्ञांच्या साहाय्याने, तुरीच्या शेतात घाटे अळीवर त्यांची परीक्षा केली. या प्रयोगांचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. पुढे २००८ साली हरभऱ्यावरील अभ्यासही प्रसिद्ध झाला. स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांचेही या कामी सहकार्य होते. या संशोधकांच्या हाती लागलेली एक बाब फार उद्बोधक आहे. बुरशी प्रयोगशाळेतील आयत्या अन्नावर पिढ्यान् पिढ्या वाढविली, तर दिसायला ती टवटवीत राहते, पण अळी मारण्याची तिची धार बोथट होत जाते. तिला पुन्हा जिवंत अळीत वाढविले की धार परत येते. आखाड्यापासून दूर राहिलेल्या पैलवानासारखेच हे म्हणावयाचे. बाजारात मिळणाऱ्या दोन पुड्यांवर नाव एकच असूनही एकीचा गुण येतो आणि दुसरीचा येत नाही, यामागे हेही एक कारण असू शकते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बुरशी सावकाश मारते. चार ते दहा दिवस हा काळ प्रयोगशाळेत थोडा वाटला, तरी ज्याच्या डोळ्यांदेखत घाटे पोखरले जात आहेत त्याला तो फार मोठा असतो. तिसऱ्या दिवशी अळी हिंडताना दिसली की तो ‘बुरशी फसली’ असे म्हणून कडक औषध फवारतो, आणि बुरशीने अर्धे केलेले काम तिच्यासह वाया जाण्याचा संभव उत्पन्न होतो. उलट नुसते औषध लवकर मारते, पण त्यातून जी अळी वाचते ती औषध पचविणारी असते. मग या दोघांना एकाच जुवाला जुंपता येईल काय?

सोव्हिएत रशियात हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. तेथे बिव्हेरियापासून बोव्हेरिन नावाचे औषध तयार केले जाई. बटाट्यावरील कोलोरॅडो भुंगेऱ्यासाठी ते ट्रायक्लोरफॉन या कीटकनाशकाच्या नेहमीपेक्षा पुष्कळ कमी मात्रेबरोबर वापरीत. अमेरिकेत फ्लोरिडा येथे वाळवीवर केलेल्या प्रयोगांत यामागचे एक कारण उघड झाले. वाळवीचे किडे एकमेकांचे अंग चाटून साफ करतात आणि त्यामुळे अंगावर पडलेले बीजाणू रुजण्यापूर्वीच दूर होतात. इमिडाक्लोप्रिड या औषधाची अत्यल्प मात्रा दिली असता किडे मरत नाहीत, पण बधिर होतात. साफसफाई थांबते, आणि जमिनीत नेहमीच असणारी बुरशी त्यांचा घास घेते. त्याच प्रदेशात क्विंतेला आणि मकॉय यांनी संत्र्यावर्गीय झाडांची मुळे खाणाऱ्या सोंडेकिड्याच्या अळीवर हेच औषध आणि बुरशी एकत्र वापरली, तेव्हाही दोन्हींचा मिळून परिणाम वेगवेगळ्या परिणामांपेक्षा अधिक आढळला. कीटकाचे हिंडणे, खाणे, अंग साफ करणे, कात टाकणे यांत बिघाड करणारे कोणतेही औषध बुरशीला असा अवसर देऊ शकते. नव्या कवचाची जडणघडण रोखणारी जी औषधे आहेत, ती या दृष्टीने विशेष आशाजनक वाटतात, कारण बुरशीला जो किल्ला फोडावयाचा असतो त्याच्या भिंतीच ती कच्च्या ठेवतात.

परंतु ‘एकत्र वापरले आणि अधिक अळ्या मेल्या’ एवढ्यावरून जोडी जमली असे ठरत नाही. याचा हिशोब शाळेतील मुलांनाही करता येईल. समजा, शंभर अळ्यांपैकी नुसत्या बुरशीने ४० मरतात आणि औषधाच्या लहान मात्रेने ३०. दोघांनी एकमेकांस ना मदत केली ना अडथळा, तर एकत्रित फवाऱ्याने किती मराव्यात? सत्तर नव्हे. बुरशीने ४० मारल्यावर ६० उरतात. त्यांतील शेकडा ३० म्हणजे १८ औषधाने मरतील. एकूण झाल्या ५८. प्रत्यक्ष प्रयोगात ६० मेल्या, तर दोघांनी आपापले काम केले एवढेच म्हणता येईल. ८० मेल्या, तर खरी साथ. आणि ४५च मेल्या, तर औषधाने बुरशीचा गळा दाबला असे समजावे. या शेवटच्या प्रकारात शेतकऱ्याचा दुप्पट खर्च होतो आणि लाभ एकाचाही पुरता पदरात पडत नाही.

कोणते औषध कोणत्या बुरशीस बाधक आहे हे पाहण्याची प्रयोगशाळेतील रीत सोपी आहे. काचेच्या बशीत बुरशीचे अन्न घालतात, त्यात औषध मिसळतात आणि बुरशीचे वर्तुळ किती वाढते ते मोजतात. अशा चाचण्यांत क्लोरपायरिफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी औषधे बुरशीस बहुधा फार मारक ठरली आहेत. इमिडाक्लोप्रिड, स्पिनोसॅड, क्लोरँट्रानिलिप्रोल ही त्या मानाने सौम्य. तथापि या आकड्यांस वेदवाक्य मानू नये. बशीत बुरशी कित्येक दिवस औषधात बुडालेली असते. पानावर तसे नसते. उलट वर्तुळ मोठे झाले म्हणून बीजाणूही चांगले रुजतील याची हमी नसते, आणि शेतात तर सारा खेळ बीजाणूच्या रुजण्यावर असतो. शिवाय तेलकट, पाण्यात घालताच दुधासारखी होणारी जी औषधे असतात, त्यांतील विषापेक्षा त्यांत मिसळलेला द्रावक आणि पायसकारी पदार्थच कधी कधी बीजाणूचा अधिक नाश करतो. औषध तेच, पण दुसऱ्या स्वरूपात आले तर चालते, असाही अनुभव येतो. बुरशीचा वाण बदलला की निष्कर्षही बदलतात.

बुरशीनाशकांबद्दल मात्र कसलीही शंका नाही. मँकोझेब किंवा कार्बेन्डाझिम हे मुळी बुरशी मारण्यासाठीच केलेले असतात. मर किंवा करपा रोगाची बुरशी आणि अळीवरची बुरशी यांत ते भेद करीत नाहीत. आणि नेमका येथेच घोटाळा होतो. एका फेरीत काम उरकावे म्हणून पंपाच्या एकाच टाकीत कीटकनाशक, बुरशीनाशक, विद्राव्य खत आणि जैविक पूड अशी सर्व मिसळण्याची सवय बरीच रुजली आहे. अशा मिश्रणात बीजाणूंचा टाकीतच निकाल लागतो. असे मिश्रण माणसासही घातक होऊ शकते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी व मजूर प्राणास मुकले. संरक्षक साधनांवाचून, उंच वाढलेल्या पिकात, अनेक जहाल औषधे फवारली जात होती. त्या पिकाचा प्रस्तुत विषयाशी साक्षात संबंध नसला, तरी कमी विषात काम भागविण्याची निकड कुठून येते, हे त्यावरून समजते.

मग हरभऱ्यात क्रम कसा असावा? प्रथम कामगंध सापळे लावून नर पतंगांवर नजर ठेवतात. सलग दोन-तीन दिवस एका सापळ्यात आठ-दहा पतंग सापडू लागले, की थोड्याच दिवसांत लहान अळ्या दिसणार हे ओळखावे. निंबोळी अर्क आणि बुरशी यांची खरी वेळ हीच. कारण कोवळी अळी रोगाला लवकर बळी पडते आणि अद्याप घाट्याच्या आड गेलेली नसते. जमिनीत ओल आणि हवेत दव असताना, दिवस कलल्यावर, झाडाच्या खालच्या भागापर्यंत पोचेल असा फवारा मारतात व आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा देतात. इतके करूनही अळ्यांची संख्या मर्यादेबाहेर गेली, तरच रसायन. आणि तेही शिफारस केलेल्यांपैकी एक, टाकीत दुसरे काही न मिसळता. त्यानंतर पुन्हा बुरशी वापरावयाची झाल्यास मध्ये आठवड्याचे अंतर ठेवणे इष्ट. औषधाची मात्रा अर्धी करण्याचा मोह येथे पुष्कळांना होईल. प्रयोगांत अर्धी मात्रा यशस्वी झाली, हे खरे. पण तेथे बुरशी ताजी होती आणि ओलही मिळत होती. निर्जीव पुडीबरोबर फवारलेली अर्धी मात्रा म्हणजे अळीला औषधाची सवय लावण्याचा राजमार्ग होय. जोवर स्थानिक कृषी विद्यापीठ एखाद्या जोडीची मात्रेसह शिफारस करीत नाही, तोवर दोन्ही वेगवेगळ्या वेळी वापरणेच हिताचे.

बुरशीचे कार्यक्षेत्र कुठे संपते हेही सांगितले पाहिजे. तुरीवरील शेंगमाशीची अळी शेंगेच्या आतच जन्मते आणि आतच वाढते. तिच्यापर्यंत बीजाणू पोचत नाही. पाने-फुले जाळ्याने बांधून आत बसणाऱ्या ठिपक्यांच्या अळीचेही तसेच. उलट भुईमुगाची मुळे कुरतडणारी हुमणी मातीत असते; तेथे ऊन नाही, ओल आहे, म्हणून मेटारायझियमला ते माहेरच म्हणावे. शेणखतात मिसळून ते जमिनीत घालण्याची शिफारस महाराष्ट्रात केली जाते. रेशमाच्या बाबतीत मात्र बास्सीचा इतिहास विसरून चालणार नाही. छत्तीसगडात आणि भंडारा-गडचिरोलीकडे कोशाच्या किड्यांची उघड्यावर झाडांवर जोपासना होते, आणि तुतीवरील किड्यांचा तर बिव्हेरिया हा जुना वैरी. ज्या शिवारात रेशीम आहे तेथे ही बुरशी न फवारणेच शहाणपणाचे.

बुरशीचे बीजाणू तयार करण्यासाठी लागणारे अन्न या भागात विपुल आहे. वाफवलेला तांदूळ हे त्यांचे आवडते खाद्य. पुण्यासह अनेक ठिकाणी बीजाणूंचे उत्पादन तांदळाच्या दाण्यांवर करतात. धानाच्या गिरण्यांतून निघणारी कनकी, म्हणजे तुकडा तांदूळ, छत्तीसगडात आणि पूर्व विदर्भात कुठेही मिळते. रायपूरला १९८७ साली स्थापन झालेले इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय आहे, आणि जवळच बरोंडा येथे पिकांवरील कीड-रोगांच्या अभ्यासासाठी केंद्र सरकारची स्वतंत्र राष्ट्रीय संस्था असून ती २०२१ साली राष्ट्रास अर्पण करण्यात आली. तेव्हा ज्ञान आणि कच्चा माल ही दोन्ही हाताशी आहेत. अडचण आहे ती साठवणीची. वैशाखात रायपूर-नागपूरकडे पारा चव्वेचाळीस अंशांवर जातो. पत्र्याच्या छपराखालच्या दुकानात महिनोन् महिने पडून राहिलेल्या पुडीतील बीजाणू त्या उष्णतेत मरतात, आणि पुडीकडे पाहून ते ओळखता येत नाही. कीटकनाशक कायदा, १९६८ अन्वये अशा जैविक औषधांचीही केंद्रीय मंडळाकडे नोंदणी करावी लागते. त्यामुळे पुडीवरील नोंदणी क्रमांक, बनविल्याची तारीख आणि बीजाणूंचे प्रमाण पाहून घेणे हा खरेदीचा पहिला नियम मानावा.

दोन्ही उपाय एकाच हंगामात वापरले, तर मेलेली अळी नक्की कोणाच्या हातून मेली, हा प्रश्न उरतो. संशोधक तो ज्या रीतीने सोडवितात ती कोणत्याही शाळेस करून पाहता येईल. फवारणीनंतर पाच-सहा दिवसांनी शेतातील मेलेल्या अळ्या चिमट्याने उचलाव्यात. रुंद तोंडाच्या बाटलीत ओला टीपकागद अंथरून त्यावर त्या ठेवाव्यात आणि झाकण लावून बाटली सावलीत ठेवावी. पूड श्वासातून आत जाऊ नये म्हणून झाकण उघडू नये. काम झाल्यावर हात धुवावेत. तीन-चार दिवसांत ज्या अळीवर पांढरी कापसासारखी बुरशी येऊन तिची पूड होते ती बिव्हेरियाने मेली. जिच्यावर पांढऱ्यानंतर हिरवी पूड धरते ती मेटारायझियमने. अळी काळी पडून पातळ झाली आणि तिची कातडी सहज फाटू लागली, तर तो विषाणूचा किंवा जीवाणूचा प्रताप. आणि जिच्यावर काहीच न उगवता ती नुसती आक्रसून सुकते, ती बहुधा औषधाने गेलेली असते.